फोटो मिळाला नाही म्हणून दुर्गाबाई वगळल्या? : फलकमालिका निवड समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
चित्रपट-वारसा फलकमालिका निवड समिती,
नाशिक

सप्रेम नमस्कार.

मूकपटांच्या काळातल्या कलावंतांची फलकमालिका आपण शहरात लावताय, तिची अंतिम यादी वाचली. दादासाहेब फाळके आहेत, ते असणारच. बाबूराव पेंटर आहेत, अण्णा साळुंके आहेत, सुलोचना म्हणजे रूबी मायर्स आहेत, ललिता पवार आहेत, कमलाबाई गोखले आहेत. पण कमलाबाईंची आई, भारतीय कथाचित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक, दुर्गाबाई कामत नाहीत. पहिल्या कच्च्या यादीत त्या होत्या, असं कळलं. मग नाव कोणी आणि का काढलं, असं विचारल्यावर आपल्या कार्यालयातून दोन कारणं मिळाली. छापण्याजोगा फोटो उपलब्ध नाही, हे एक. दुसरं असं, की मालिका प्रमुख भूमिका करणाऱ्यांची आहे आणि दुर्गाबाईंची भूमिका दुय्यम होती. वर, ‘त्यांचा उल्लेख मुलीच्या, म्हणजे कमलाबाईंच्या, फलकावर केलेला आहे’ अशी समजूतही घालण्यात आली.

फलकाच्या मसुद्यात तो उल्लेख मी वाचला. कंसात आहे. ‘(आई दुर्गाबाईंसह)’.

संस्थेचं नाव या पत्रात लिहीत नाही. जो निकष आपण लावलात तोच पुरस्काराच्या समित्या लावतात, महोत्सवांच्या स्मरणिका लावतात, सिनेमाचा अभ्यासक्रम ठरवणारेही लावतात. त्यांनीही हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजायला हरकत नाही.

मी कोण, तेही सांगते. मी नाशिकची, आणि आयुष्यभर चरित्र भूमिका करत आलेली नटी. नाटकात आणि मालिकांत मी कुणाची तरी आई असते, आत्या असते, थोरली जाऊ असते, फार तर चाळीतली शेजारीण. हिरॉइनचा क्लोजअप लागतो तेव्हा कॅमेरा माझ्या खांद्यामागून तिच्यावर असतो आणि मी ‘सजेशन’मध्ये उभी असते. म्हणजे फ्रेमच्या कडेला माझा अंबाडा आणि ब्लाऊजची एक बाही. त्या वेळी रडायचं मात्र तिच्याइतकंच खरं, कारण मी कोरडी राहिले तर तिला क्यू मिळत नाही. मग माझ्या क्लोजअपची वेळ येते तोवर शिफ्ट संपत आलेली असते आणि कुणीतरी म्हणतं, ‘ताई, तुमचं उद्या घेऊ.’ उद्या तो सीन पुढे गेलेला असतो. ही तक्रार नाही, आमच्या कामाची रीतच तशी आहे आणि ती मी पत्करलेली आहे. पण कॅमेऱ्याची ही रीत इतिहासालाही लावायची, याला माझी हरकत आहे.

आता मूळ मुद्दा. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. त्याआधी तारामतीसाठी बाई मिळावी म्हणून दादासाहेबांनी काय काय केलं, ते आपण सगळे जाणतो. जाहिराती झाल्या, वेश्यावस्तीत जाऊन विचारून झालं, तिथूनही नकार आला. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ही गोष्ट आपण इतकी रंगवून सांगतो की तिच्यानंतर काय झालं ते सांगायला वेळच उरत नाही. त्यानंतर दादासाहेबांनी बिऱ्हाड आणि सिनेमाचा कारखाना, म्हणजे स्टुडिओ, नाशिकला हलवला, आणि इथे, आपल्या गावात, ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी झाली त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला. भारतीय कथाचित्रपटात बाईचं काम बाईने पहिल्यांदा केलं ते इथे. जे काम करायला मुंबईत एकही बाई तयार नव्हती, ते नाशकात दोघींनी केलं, आणि दोघी एकाच घरातल्या होत्या.

त्या घरात पुरुष नव्हता. दुर्गाबाईंचे पती मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. १९०३ च्या सुमारास दोघं वेगळे झाले आणि पदरात लहान मुलगी घेऊन दुर्गाबाई बाहेर पडल्या. त्या काळी नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईपुढे कोणते मार्ग होते? लोकांघरची धुणीभांडी, स्वयंपाक, नाहीतर ज्याचं नाव काढायचं नाही ते. दुर्गाबाईंनी फिरती नाटक कंपनी निवडली. समाजाने वाळीत टाकलं. मुलीला शाळा अशी मिळालीच नाही. कंपनीबरोबर गावोगाव हिंडताना आईने शिकवलं तेवढं शिक्षण, आणि लहानपणापासून रंगमंचावर काम. कंपनीच्या बिऱ्हाडात वाढलेली ही मुलगी पुढे विसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत जगली. तिचा मुलगा चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. नाटक-सिनेमातल्या एका अख्ख्या घराण्याचा उगम त्या दुय्यम भूमिकेवाल्या बाईच्या एका निर्णयात आहे. आणि फलकावर ती कंसात आहे.

आपल्या कारणांकडे येते.

फोटो नाही, हे पहिलं. हे कारण महाराष्ट्रात बसून देता येतं याचंच मला नवल वाटलं. ज्ञानेश्वर माउलींचा फोटो कोणी काढला होता? तुकोबांचा? घराघरांतल्या तसबिरी चित्रकारांनी मनाने रंगवलेल्या आहेत आणि त्यांच्यापुढे आपण हात जोडतो. फोटो नाही म्हणून मुक्ताबाईचं नाव कोणी गाळलेलं मी ऐकलेलं नाही. चित्र काढायचं नसेल तर फलकाचा तो चौकोन कोरा ठेवा आणि खाली नाव लिहा. ‘चित्र उपलब्ध नाही’ हे चार पावलं पुढे लागणाऱ्या गुळगुळीत रंगवलेल्या चेहऱ्यांपेक्षा जास्त माहिती देईल. बघणारा विचारेल तरी, का नाही?

त्या ‘का’चं उत्तरही आपल्याच विषयातलं आहे. ‘मोहिनी भस्मासुर’ आज उरलेला नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि त्यांतले पूर्ण म्हणावेत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. बाकीच्यांचे असले तर तुकडे. ती फिल्म नायट्रेटची. भसकन पेट घेणारी, आणि न पेटली तरी डब्यात पडल्यापडल्या चिकट होऊन भुगा होणारी. कितीतरी रिळं त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी मोडीत विकली गेली. बोलपट आल्यावर मुका सिनेमा जपायचा कशाला, असा सगळ्यांचा हिशेब होता. पण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाचा माग काढला, नाशिकला आले, आणि मिळालेले तुकडे जुळवून ‘कालिया मर्दन’ पुन्हा पाहता येईल असा उभा केला. एका माणसाने चिकाटी धरली म्हणून आज आपण दादासाहेबांच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण झालेली पाहू शकतो. दुर्गाबाईंचा फोटो शोधायला आपण कोणाकोणाला विचारलं, ते कळेल का? इंटरनेटवर शोधून ‘मिळाला नाही’ असा शेरा मारला असेल तर तो शोध धरू नये.

भूमिका दुय्यम होती, हे दुसरं कारण. याचा मला जास्त राग आहे.

भस्मासुराची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ठाऊक असेल की मोहिनी येते ती शेवटी, नाचते, त्याच्याच हाताने त्याला जाळते आणि टाळ्या घेऊन जाते. ज्याला वर दिला तोच असुर आपल्यावर डोळा ठेवून उलटलाय, आणि वर देणारा नवरा जीव वाचवत पळतोय, हे बघत राहणं पार्वतीच्या वाट्याला. मूकपटात संवाद नाहीत. मध्ये पाट्या येतात तेवढ्याच. म्हणजे तिने जे केलं असेल ते डोळ्यांनी, मानेने, हातांनी. हाताने फिरवायचा कॅमेरा, दिवसाउजेडी काम, समोर प्रेक्षक नाही, टाळी नाही, आणि याआधी आपल्याकडे कुठल्याही बाईने हे केलेलं नाही त्यामुळे बघून शिकायलाही कोणी नाही. नाटकातली बाई शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून हातवारे मोठे करते. कॅमेऱ्यासमोर तेच हातवारे वेडेविद्रे दिसतात, हे आम्हाला आजही पहिल्या मालिकेत ओरडा खाऊन कळतं. दुर्गाबाईंना ते कोणी सांगितलं असेल? दादासाहेबांनी सांगितलं असेल, किंवा त्यांच्या त्यांनाच उमगलं असेल. या भूमिकेला दुय्यम म्हणायला माझी हरकत नाही, दुय्यम होतीच. दुय्यम म्हणजे वगळण्याजोगी, असं कोणी ठरवलं?

आणि हा निकष तरी आपण सगळ्यांना सारखा लावलात का? अण्णा साळुंके यादीत आहेत, ते हवेतच. तारामती त्यांनी केली, १९१७ साली ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केली, असा नट विरळा. पण बाईचं काम करणाऱ्या पुरुषाला फलक आणि बाईचं काम करणाऱ्या पहिल्या बाईला कंस, हे समितीच्या बैठकीत कोणाच्याच लक्षात आलं नाही? ‘लंका दहन’चं साल पुन्हा बघा. १९१३ साली बायका पडद्यावर आल्या, आणि चार वर्षांनी त्याच दादासाहेबांकडे सीता पुन्हा पुरुषच करत होता. दार उघडलं आणि पुन्हा लोटलं गेलं. ते पहिल्यांदा उघडणं किती अवघड होतं, हे त्यावरून कळावं. दुर्गाबाई खोटे पडद्यावर आल्या १९३१ साली, आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’नंतर घरंदाज बायकांचा संकोच गेला असं आपण सांगत आलो. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्यांच्या आधी अठरा वर्षं आणखी एक दुर्गाबाई येऊन गेल्या होत्या, आणि त्यांच्यामागे श्रीमंत घराची ऊब नव्हती.

कमलाबाईंच्या फलकाबद्दलही बोलायला हवं. त्यावर ‘१९१३ : कमलाबाई गोखले’ असं लिहिलंय. १९१३ मध्ये ती गोखले नव्हती. तिचं लग्न नंतरचं. मोहिनी झाली ती कमला कामत, आईच्या आडनावाची, आईच्या बोटाला धरून आलेली. लग्नानंतरचं नाव मागे नेऊन चिकटवलं की पहिली गोष्ट होते ती ही, की आईशी असलेलं नातं नजरेला पडत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला परक्या पुरुषांनी भरलेल्या कारखान्यात, नव्या कोऱ्या यंत्रासमोर उभं करायचं हा निर्णय त्या मुलीचा नव्हता. आई स्वतः त्याच सिनेमात उभी राहिली, म्हणून मुलगी उभी राहू शकली. मला तरी हा क्रम असाच दिसतो.

आता जरा यादीतल्या इतर जागांकडे. बाबूराव पेंटरांच्या फलकावर ‘सैरंध्री’ आहे, १९२०. कीचकवधाच्या दृश्याची हकिकत आहे, लोकमान्यांनी दिलेली ‘सिनेमा केसरी’ ही पदवी आहे. त्या सिनेमात काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांचं नाव नाही. कोल्हापुरात सिनेमात उभ्या राहिल्या म्हणून त्या दोघींना त्यांच्याच लोकांनी बाहेर काढलं, आणि पडद्यावर त्यांची नावंही बदलली : एक कमलादेवी, दुसरी सुशीलादेवी. खरं नाव एकदा पडद्याने पुसलं, दुसऱ्यांदा आपण पुसतोय. फलकावर एका ओळीची जागा लागते. ती कीचकाच्या मुंडक्याच्या वर्णनातून काढता येईल.

ललिता पवारांचं तर मला हसूच आलं. मालिका मूकपटांची, आणि त्यांच्या फलकावर टीव्हीवरच्या ‘रामायण’मधली मंथरा. आपल्याच जिल्ह्यातली, येवल्यात जन्मलेली ही बाई लहान वयात मूकपटांत आली, तरुणपणी नायिका झाली, १९३२ साली ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीतही होती. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेचं आयुष्य संपलं. त्यानंतर जे सुरू झालं ते चरित्र भूमिकांचं, आणि ते इतकं मोठं की ‘श्री ४२०’मधली केळीवाली आणि ‘अनाडी’मधली घरमालकीण आजही लोकांना आठवते. म्हणजे आपल्या यादीत एक चरित्र अभिनेत्री आलीये, पण ती नायिका होती म्हणून नव्हे आणि मूकपटात होती म्हणूनही नव्हे. टीव्हीवर दिसली म्हणून. मग निकष नेमका कोणता?

सरस्वतीबाई फाळके यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण निदान दादासाहेबांच्या फलकावर त्यांचं नाव दोनदा आलंय. फिल्मला भोकं पाडण्यापासून साठ-सत्तर माणसांच्या जेवणापर्यंत ज्या बाईने केलं, तिला स्वतंत्र फलक मिळाला असता तर बिघडलं नसतं, एवढंच.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली : दुर्गाबाई कामत यांना स्वतंत्र फलक द्या, दादासाहेबांच्या फलकाच्या लगत. फोटो मिळेपर्यंत चौकोन कोरा ठेवा. जागा कमी पडत असेल तर स्वागताचा फलक, ज्यावर सगळ्या सदस्यांचे फोटो आहेत, तो लहान करा. ते फोटो मात्र सगळे मिळाले.

दुसरी : कमलाबाईंच्या फलकावर ‘कमला कामत (पुढे कमलाबाई गोखले)’ असं लिहा आणि कंसातली आई बाहेर काढा. ‘सैरंध्री’च्या मजकुरात गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांची खरी नावं घाला. ललिता पवारांच्या फलकावर त्यांचं मूकपटांतलं काम येऊ द्या. मंथरा कोपऱ्यात राहिली तरी चालेल, तिला सवय आहे.

तिसरी जरा मोठी आहे, आणि ती एकट्या आपल्यासाठी नाही. मूकपटांत काम केलेल्या सगळ्या बायकांची, नायिका असोत की गर्दीतली दासी, एक मराठी सूची व्हायला हवी आणि ती कोणालाही बघता यायला हवी. सिनेमे गेले, पण त्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती आहेत, थिएटरात वाटायच्या गोष्टींच्या पुस्तिका आहेत, सेन्सॉरच्या नोंदी आहेत, नाटक कंपन्यांचे जुने कागद आहेत. यातली बरीच नावं सिनेमात येण्याआधी नाटकात होती, तेव्हा शोध सिनेमाच्याच कपाटात घेऊन भागणार नाही. हे काम विद्यार्थी करतील. त्यांना प्रवासखर्च आणि मानधन द्या, आणि सूचीवर त्यांचंही नाव छापा.

चौथी : लोकांच्या घरांतले अल्बम, पत्रं, करारपत्रं यांचं स्कॅनिंग त्यांच्या घरी जाऊन करा आणि मूळ वस्तू तिथेच राहू द्या. ‘संग्रहासाठी’ म्हणून नेलेले फोटो परत न मिळाल्याच्या गोष्टी आमच्या लाइनमध्ये प्रत्येकीकडे आहेत. म्हणून कोणी आता पेटी उघडत नाही, आणि मग आपण म्हणता फोटो मिळत नाही.

पाचवी मागणी पुरस्कार देणाऱ्यांकडे. पुरस्कारांना स्मिता पाटील यांचं नाव आहे, रंजनाचं आहे, मला दोघी प्रिय आहेत. चरित्र भूमिकेसाठी दुर्गाबाई कामत यांच्या नावाने एक पुरस्कार सुरू करा. रक्कम मोठी नको. घ्यायला मात्र त्या बाईला व्यासपीठावर बोलवा आणि दोन मिनिटं बोलू द्या. तिचा नंबर येईपर्यंत निम्मं सभागृह जेवायला गेलेलं असतं, तेव्हा तो आधी द्या.

पहिल्या दोन मागण्यांना खर्च जवळजवळ नाही, आणि फलक अजून छपाईला गेलेले नाहीत असं मला छापखान्यातूनच कळलंय. दुर्गाबाईंच्या फलकाचा मजकूर मी लिहून या पत्रासोबत कार्यालयात दिला आहे, पोच घेतली आहे. त्यात दुरुस्ती असेल तर कळवा, मी करून देईन. नाव घ्यायचंच नाही असं ठरलं असेल तर तसा ठराव कारणासह लेखी द्यावा, आणि त्यावर ज्यांनी सह्या केल्या त्यांची नावं पूर्ण लिहावीत.

आपली,
नाशिकची एक चरित्र अभिनेत्री